रानफुलांचे उद्यान आणि लोकांची नजर

इ. स. १७९४ मध्ये इंग्लंडात रिचर्ड पेन नाइट या विद्वान जमीनदाराने उद्यानरचनेवर ‘द लँडस्केप’ नावाचे एक दीर्घ काव्य प्रसिद्ध केले. ते काव्य आज फारसे कोणी वाचत नाही. परंतु त्यास जोडलेली दोन चित्रे मात्र उद्यानांच्या इतिहासात कायमची राहिली आहेत. टॉमस हर्न या चित्रकाराच्या रेखाटनांवरून ती केलेली होती. दोन्हींत स्थळ एकच आहे. मागे मोठे घर, पुढे वाहता ओढा, भोवती झाडी. पहिल्या चित्रात ओढ्याचे काठ गुळगुळीत केलेले आहेत, गवत तासून काढल्यासारखे आखूड आहे आणि झाडांचे पुंजके मोजूनमापून उभे केले आहेत. दुसऱ्या चित्रात काठावर झुडपे दाटली आहेत, जुने वृक्ष हवे तसे वाढले आहेत आणि ओढ्यावरचा पूलदेखील ओबडधोबड आहे. वाचकाने दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत आणि कौल दुसऱ्याच्या बाजूने द्यावा, अशी कवीची इच्छा होती.

आज लोकांची आवड अजमावू पाहणारे संशोधक बहुधा हीच युक्ती करतात. एकाच उद्यानाची छायाचित्रे थोडीथोडी बदलून लोकांपुढे ठेवतात आणि कोणते अधिक आवडले ते विचारतात. साधने बदलली, परंतु प्रश्न सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे. माणसाला नीट कापलेली, आखलेली बाग आवडते, की आपल्या मनाने वाढलेले रान आवडते?

हा प्रश्न आता केवळ रुचीचा राहिलेला नाही. १९३० नंतरच्या पन्नास-साठ वर्षांत इंग्लंड व वेल्समधील रानफुलांची सुमारे ९७ टक्के कुरणे नांगराखाली, खताखाली किंवा वस्तीखाली गेली. त्या कुरणांवर जगणारे भुंगे, मधमाश्या व फुलपाखरे यांना शहरातील उद्यानांचा आश्रय उरला. अशा जीवांना सोयीचे उद्यान कसे असावे, हे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगू शकतो: गवत उंच वाढू द्यावे, नाना जातींची साधी फुले असावीत, वाळलेल्या काड्या लगेच उपटू नयेत. परंतु सार्वजनिक उद्यान लोकांच्या पैशावर चालते. लोकांना ते ओंगळ वाटले, तक्रारी आल्या, की एका सकाळी गवत कापण्याचे यंत्र फिरते आणि सर्व उद्योग संपतो. म्हणून भुंग्याचे जगणे शेवटी माणसाच्या नजरेवर येऊन ठेपले आहे. ही नजर कशी घडली, हे पाहिल्याशिवाय ती बदलता येईल की नाही ते सांगता येणार नाही.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील श्रीमंतांपुढे आदर्श होता तो फ्रान्समधील व्हर्सायच्या उद्यानाचा. तेथे आंद्रे ल नोत्रने सरळ रेषांत वाटा, कोरलेल्या कुंपणांचे वाफे आणि मैलभर लांब जलाशय आखून निसर्गास राजाज्ञेत उभे केले होते. इंग्लंडात लॅन्सलॉट ब्राउन याने त्या रेषा मोडल्या. उतरत्या हिरवळी, वळणदार तळी आणि मोकळ्यावर उभे असलेले वृक्षांचे पुंजके ही त्याची खूण. ‘या जागेत पुष्कळ शक्यता आहेत’ असे तो गिऱ्हाइकांस सांगे, म्हणून ‘केपॅबिलिटी’ हे टोपणनाव त्यास कायमचे चिकटले. त्याची उद्याने पाहणाऱ्यास वाटे की हे सारे निसर्गानेच केले आहे. प्रत्यक्षात टेकड्या खोदून व ओढे अडवून ते घडवलेले असे. नाइटचा रोष होता तो याच गुळगुळीतपणावर. त्याच १७९४ साली त्याचा मित्र उव्हेडेल प्राइस याने गद्य निबंध लिहून तेच सांगितले: खडबडीतपणा, अचानक बदल आणि जुनेपणाचे डाग यांतच चित्रासारखे सौंदर्य असते.

या वादात ब्राउनची बाजू घेणारा हंफ्री रेप्टन हा अत्यंत व्यवहारी मनुष्य होता. जमीनदारास आपली योजना समजावी म्हणून तो जागेची जलरंगात चित्रे काढी आणि ती लाल कातड्याच्या बांधणीच्या वहीत घालून देई. चित्रावर कागदाचा एक पापुद्रा चिकटवलेला असे. पापुद्रा खाली असताना जागा आज आहे तशी दिसे. तो उचलला की रेप्टनने सुचवलेले नवे दृश्य उघडे होई. केवळ वर्णनाने जे पटले नसते ते डोळ्यांस तत्काळ पटे. तथापि पटवायचे होते ते एकाच माणसास. उद्यान एकाचे, पैसा एकाचा आणि नजरही एकाचीच होती.

एकोणिसाव्या शतकात ही स्थिती पालटली. कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या शहरांतील गर्दीला मोकळी हवा मिळावी म्हणून सार्वजनिक उद्याने निघू लागली. १८४० मध्ये डर्बी येथील वृक्षोद्यान खुले झाले. १८४७ मध्ये लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेड येथे जोसेफ पॅक्स्टनने आखलेले उद्यान सार्वजनिक पैशातून उभे राहिले. आता हजारो डोळ्यांना काय रुचते याचा विचार करणे प्राप्त झाले. आणि त्या हजारो डोळ्यांना जे रुचले ते नाइटचे झाडझाडोरे नव्हते. त्यांना रुचले ते भडक रंगांच्या फुलांचे ताटवे.

या ताटव्यांमागे काही रोकडी कारणे होती. काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाल्याने काचघरे स्वस्त झाली. दक्षिण आफ्रिका, मेक्सिको व दक्षिण अमेरिका येथून आणलेली कोवळी रोपे हिवाळाभर काचघरात जपून उन्हाळ्यात हजारांनी बाहेर लावता येऊ लागली. १८३० मध्ये ग्लॉस्टरशरमधील एडविन बडिंग याने लोकरी कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून कल्पना घेऊन गवत कापण्याचे यंत्र बनवले होते. विळ्याच्या कुशल हातावाचून सपाट हिरवळ राखणे त्यामुळे शक्य झाले. १८६० नंतरच्या दशकात तर बुटक्या रंगीत पानांच्या रोपांनी जमिनीवर गालिच्यासारखी नक्षी काढण्याची पद्धत निघाली. घड्याळे, नगरांची बोधचिन्हे, फुलपाखरे, सर्व काही रोपांनी रेखाटले जाऊ लागले.

या पद्धतीस हसणे सोपे आहे. पण तिच्या लोकप्रियतेत एक मर्म होते. अंधाऱ्या खोल्यांत राहणाऱ्या गिरणीकामगाराला त्या ताटव्यात केवळ रंग दिसत नसे. येथे कोणीतरी रोज राबते, एकही वाळलेले पान राहू देत नाही, आणि हे सर्व आपल्यासारख्यांसाठी चालले आहे, हेही त्याला दिसे. सार्वजनिक बागेची निगा हा त्याच्या दृष्टीने त्याला मिळालेला मान होता. पुढे रानवट उद्यानांना जो विरोध झाला, त्याचे बीज येथे शोधावे लागते. ज्या जागेत निगा दिसत नाही, ती जागा आपल्याला टाकून दिलेली आहे, असे माणूस समजतो.

कीटकांच्या दृष्टीने मात्र हा वैभवाचा काळ उपासाचा होता. भरगच्च पाकळ्यांची फुले बनवताना पुंकेसरांच्याच पाकळ्या होतात, त्यामुळे पराग नाहीसा होतो आणि पाकळ्यांच्या दाटीत मकरंदापर्यंत भुंग्याची सोंड पोचत नाही. काही रोपे तर केवळ रंगीत पानांसाठी लावीत व त्यांवर येणारी फुले खुडून टाकीत. डोळ्यास मेजवानी आणि मधमाशीस रिकामे ताट, असा तो प्रकार होता.

या ताटव्यांवर पहिला जोरदार हल्ला केला तो विल्यम रॉबिन्सन या आयरिश माळ्याने. गरीब घरात जन्मलेला हा मुलगा बागेतील हरकाम्या म्हणून कामास लागला आणि १८६१ मध्ये लंडनला येऊन रीजंट्स पार्कमधील वनस्पती-उद्यानात नोकरीस राहिला. तेथे इंग्लंडातील रानफुलांचा एक छोटा विभाग त्याच्याकडे होता. १८७० मध्ये त्याने ‘द वाइल्ड गार्डन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे म्हणणे सरळ होते. दरवर्षी लावायची आणि दरवर्षी उपटायची रोपे कशासाठी? ज्या वनस्पती थंडीवाऱ्यात टिकतात, त्या त्यांना मानवणाऱ्या जागी एकदा लावाव्यात, मग त्या आपल्या आपण वाढतील व फुलतील. एकीचा बहर ओसरला की शेजारणीची पाने ती जागा झाकतील. त्या वनस्पती इंग्लंडच्याच असाव्यात असा त्याचा हट्ट नव्हता. कोणत्याही थंड देशाची काटक वनस्पती त्यास चाले. त्याच्या पुस्तकाचे नाव ऐकून पुष्कळांनी ‘रानटी बाग म्हणजे काहीही न करता सोडलेली बाग’ असा अर्थ घेतला. तो गैरसमज अद्याप गेलेला नाही.

रॉबिन्सनचे विचार खेड्यांतील मोठ्या बंगल्यांच्या बागांत लवकर रुजले. नगरपालिकांच्या उद्यानांत मात्र ताटवे टिकून राहिले. कारण तेथे येणाऱ्या लोकांची नजर कोणी तयार केली नव्हती. हे काम प्रथम पद्धतशीरपणे झाले ते शेजारच्या नेदरलँड्समध्ये, आणि ते करणारा मनुष्य शाळाशिक्षक होता.

याकोबस टाइसे (१८६५–१९४५) हा आम्स्टरडॅममध्ये मुलांना शिकवीत असे व सुटीच्या दिवशी त्यांना शहराबाहेर घेऊन जाई. १९०४ मध्ये नार्डरमेर या सरोवरात शहराचा कचरा टाकण्याचा आम्स्टरडॅम पालिकेचा बेत होता. त्याविरुद्ध टाइसेने लेखणी उचलली. बेत फसला, आणि या चळवळीतून १९०५ मध्ये स्थापन झालेल्या निसर्गरक्षक संस्थेने पुढच्या वर्षी ते सरोवरच विकत घेतले. त्यानंतर व्हेरकाडे या बिस्किटांच्या कारखान्यासाठी टाइसेने चित्रसंग्रहांची एक माला लिहिली. बिस्किटांच्या पुड्यात फुलांची, पक्ष्यांची, कीटकांची चित्रे निघत. ती जमवून वहीत चिकटवायची आणि शेजारचा मजकूर वाचायचा. डच मुलांच्या पिढ्या त्या वह्यांवर वाढल्या. खंदकाकाठच्या गवतात उगवणारे फूल त्यांना नावाने ओळखता येऊ लागले. आणि नाव कळलेल्या झाडाला तण म्हणून उपटणे माणसाला जड जाते.

टाइसेच्या साठाव्या वर्षी, १९२५ मध्ये, ब्लूमेन्डाल गावी केवळ त्या प्रदेशातील वनस्पतींची एक बाग त्याच्या गौरवार्थ तयार झाली. १९४० मध्ये आम्स्टरडॅमलगतच्या आम्स्टेलव्हेन येथे त्याच्या नावाचे सार्वजनिक उद्यान सुरू झाले. त्याचा रचनाकार ब्रुर्से याच्यापुढे अडचण होती ती दलदलीच्या आम्लधर्मी मातीची. नेहमीची शोभेची झाडे तेथे जगत ना. तेव्हा त्या मातीत मुळातच वाढणाऱ्या वनस्पती घेऊन त्याने उद्यान रचले. अरुंद वाटा, काळे संथ पाणी, मध्येच उघडणारी मोकळी जागा आणि वसंतात जमिनीवर पसरलेली फिकट पिवळी प्रिम्युला, असे त्याचे स्वरूप आहे. पाहणाऱ्यास ते अगदी नैसर्गिक वाटते. वस्तुतः तेथील माळी गुडघे टेकून हाताने खुरपणी करतात, कोणते रोप ठेवायचे व कोणते काढायचे याचा रोज निवाडा करतात. रानवनस्पती तेथे आहेत, पण हेळसांड कोठेही नाही. लोकांनी हे उद्यान मनापासून आपले मानले, त्याचे रहस्य या दोन गोष्टींत आहे: नजर आधी तयार झाली होती, आणि निगा लपवलेली नव्हती.

याच्या अगदी उलट धडा अमेरिकेतील शिकागो शहराने दिला. त्या प्रदेशात गोऱ्या वसाहतवाल्यांच्या आगमनापूर्वी उंच गवताचे विस्तीर्ण माळ आणि त्यांत विखुरलेले ओक वृक्ष असत. शहराभोवतीच्या राखीव वनांत ते पूर्वस्वरूप परत आणण्यासाठी १९७७ पासून स्वयंसेवक झटत होते. युरोपातून आलेली काटेरी झुडपे ते तोडीत, दाट सावली करणारी झाडे काढीत, आणि गवत ठरावीक वेळी पेटवून देत. शास्त्राच्या दृष्टीने हे काम निर्दोष होते. दडपलेली शेकडो रानफुले त्यामुळे पुन्हा वर आली. परंतु शेजारी राहणाऱ्यांना दिसत होते ते निराळेच: करवती, धूर आणि पडलेली झाडे. त्यांच्या लेखी झाड म्हणजे निसर्ग, आणि निसर्गप्रेमी म्हणवणारेच झाडे तोडीत होते! १९९६ मध्ये या असंतोषाचा भडका उडाला आणि अधिकाऱ्यांना ते काम स्थगित करावे लागले. काही ठिकाणी ही स्थगिती कित्येक वर्षे टिकली. वनस्पतींची यादी बरोबर होती. लोकांना विश्वासात घेण्यात कसूर झाली होती.

या दोन्ही अनुभवांमागील सूत्र नेमक्या शब्दांत मांडले ते अमेरिकन संशोधिका जोन नासाउअर यांनी. मिनेसोटा राज्यातील शेतकरी व उपनगरवासी यांच्या आवडीनिवडींचा त्यांनी अभ्यास केला होता. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा आशय असा: जीवसृष्टीची रचना स्वभावतःच अस्ताव्यस्त दिसते, म्हणून ती नीटनेटक्या चौकटीत बसवावी. माणूस एखाद्या जागेकडे पाहतो तेव्हा तेथे किती जाती नांदतात हे त्याला दिसत नाही. त्याला दिसतात त्या निगेच्या खुणा. उंच गवताच्या कडेने कापलेला एक पट्टा, दुरुस्त कुंपण, झाडलेली वाट, ठळक फुलांचा एखादा पुंजका, एवढे असले तरी तो समजतो की हे गवत कोणाच्या आळसाने वाढलेले नसून कोणीतरी जाणूनबुजून वाढवलेले आहे. चित्र तेच राहते. चौकटीने त्याचा अर्थ बदलतो.

या सूत्राची सर्वांत मोठी परीक्षा लंडनमध्ये झाली. २०१२ च्या ऑलिंपिक क्रीडांसाठी पूर्व लंडनमधील ली नदीच्या खोऱ्यात, जुन्या कारखान्यांनी विषारी केलेल्या जमिनीवर, एक विस्तीर्ण उद्यान उभारण्यात आले. शेफील्ड विद्यापीठातील जेम्स हिचमो व नायजेल डनेट यांनी तेथील फुलांची कुरणे योजली. रोपे एकेक करून लावण्याऐवजी त्यांनी बियांची मिश्रणे तयार केली. त्यांत देशी रानफुले होती व परदेशीही होती, कारण फुलोरा दीर्घकाळ टिकावा आणि भुंग्यांना उशिरापर्यंत खाद्य मिळावे हा हेतू होता. इंग्लंडात रानफुलांचा बहर जुलैअखेरीस ओसरू लागतो. क्रीडामहोत्सव तर २७ जुलैला सुरू व्हायचा होता. तेव्हा पेरणीच्या तारखा बदलून आधी काही वर्षे प्रयोग केले गेले. त्या उन्हाळ्यात क्रीडांगणाभोवती सोनेरी-पिवळ्या फुलांचे कडे उमलले. जगभरच्या प्रेक्षकांनी ते पाहिले, आणि नंतर इंग्लंडातील अनेक नगरपालिकांनी रस्त्यांच्या कडेला व चौकांत अशी कुरणे पेरण्यास आरंभ केला. ज्या गवतास कालपर्यंत तक्रारी येत, त्यांतच फुले दिसू लागताच लोक थांबून छायाचित्रे काढू लागले.

या अनुभवास मोजमापाचे अधिष्ठान मिळाले २०१७ मध्ये. हेलन हॉइल, हिचमो आणि ॲना यॉर्गेन्सन यांनी इंग्लंडातील निरनिराळ्या बागांत चौदाशेहून अधिक लोकांना प्रत्यक्ष झाडीतून चालायला लावून प्रश्न विचारले. हे महत्त्वाचे होय; कारण छायाचित्र एकाच दिवसाचे, एकाच कोनातून घेतलेले असते, आणि त्यात गंधही नसतो, गुंजनही नसते. त्यांना आढळले की झाडीच्या सुमारे २७ टक्क्यांहून अधिक भाग फुलांनी झाकला गेला की लोकांची पसंती सर्वांत अधिक असते. परंतु मनाला विसावा कोठे वाटला असे विचारता लोकांनी वेगळे उत्तर दिले. विसाव्यासाठी त्यांना फुलांचा जल्लोष नको होता. शांत हिरवी झाडी हवी होती. डोळा खेचून घेणारी जागा आणि मन निवणारी जागा या दोन वेगळ्या असू शकतात. उद्यान रचणाऱ्याने दोन्ही द्याव्यात, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

या इंग्रजी इतिहासाशी आपल्या देशाचा संबंध दूरचा नाही. हिंदुस्थानातील सार्वजनिक बागांची नजर फार मोठ्या अंशाने त्याच साच्यात घडली. आग्र्याचा ताजमहाल हेच उदाहरण घेता येईल. मोगलांच्या काळी त्यापुढील बाग फळझाडांनी व वृक्षांनी दाट होती. विसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत तेथील झाडी विरळ करून इंग्रजी धर्तीच्या हिरवळी करण्यात आल्या, आणि आज कोट्यवधी भारतीयांना ताजमहाल त्या मोकळ्या हिरवळीवाचून डोळ्यांपुढे आणताच येत नाही. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याची उद्याने योजणारा विल्यम गोल्डरिंग हा तर रॉबिन्सनच्या ‘द गार्डन’ या साप्ताहिकाच्या संपादनात काम केलेला गृहस्थ. लंडनच्या क्यू उद्यानात अनुभव घेतलेला जर्मन उद्यानशास्त्रज्ञ क्रुम्बिगेल १८९३ मध्ये बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत आला आणि १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात गेला. बंगळूरच्या रस्त्यांवर वर्षभर कोठे ना कोठे एखादी जात फुललेली असावी, अशा क्रमाने झाडे लावण्याचे श्रेय त्यास दिले जाते. ती झाडे बव्हंशी परदेशी होती. पण लोकांच्या नजरेचा त्यात पक्का विचार होता.

तथापि आपल्याकडील अडचण युरोपातल्याहून वेगळी आहे. तेथे गवत बहुतेक वर्षभर हिरवे राहते. दख्खनच्या पठारावर किंवा माळव्यात पावसाळ्यात उगवलेले गवत दिवाळीनंतर पिवळे पडते, माघात वाळते, आणि वाळलेले गवत आपल्या डोळ्यांना मेलेले वाटते. म्हणून नगरपालिका पाइपाने पाणी देऊन परदेशी हिरवळ जगवते, उन्हाळ्यात लोकांच्या नळाला पाणी नसतानाही जगवते. वाळकेपणातही बाग पाहण्याजोगी असू शकते, हे जोधपूरच्या राव जोधा उद्यानाने दाखवले आहे. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याची सुमारे ७० हेक्टर खडकाळ जमीन विलायती बाभळीने व्यापली होती. २००६ पासून प्रदीप क्रिशन यांच्या मार्गदर्शनाखाली ती बाभूळ काढण्यात आली. तिची मुळे खडकात खोल गेलेली असल्याने पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारे कारागीर त्या कामी लागले, आणि त्यांनी केलेल्या खळग्यांत मरुभूमीतील देशी झुडपे व गवते लावली गेली. ठसठशीत वाटा आणि माहिती सांगणारे वाटाडे आहेत, म्हणून काटेरी, करड्या झुडपांचे ते उद्यान लोक आवडीने पाहतात. मुंबईतही मिठी नदीच्या काठी जुन्या कचराभूमीवर वाढवलेले ३७ एकरांचे निसर्ग उद्यान १९९४ मध्ये खुले झाले, आणि शाळाशाळांतील मुले फुलपाखरे पाहण्यास तेथे जातात.

मराठी माणसाला रानफुलांचे प्रेम नव्याने शिकवण्याची गरज नाही. २०१२ च्या ज्या जुलैत लंडनची कुरणे फुलली, त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेस सातारा जिल्ह्यातील कास पठार पश्चिम घाटाच्या इतर स्थळांसह जागतिक वारशाच्या यादीत गेले. भाद्रपदात जांभ्या खडकावरच्या चार बोटे मातीतून तेरडा, सोनकी, गेंद आणि सीतेची आसवे उगवतात, आणि ती पाहण्यास इतकी गर्दी लोटते की प्रवेशाच्या संख्येवर मर्यादा घालावी लागते. तेथे कोणी गुलाबाचे वाफे मागत नाही. परंतु तोच तेरडा शहराच्या बागेत भिंतीकडेला उगवला, तर सकाळच्या फेरीत खुरप्याने निघतो. कारण कास पठारावर तो दर्शनाचा विषय असतो आणि बागेत हेळसांडीची खूण ठरतो. फूल तेच, नजरही तीच. फरक फक्त भोवतालच्या चौकटीचा.

ती चौकट देण्यास फार खर्च येत नाही. बागेचा एक कोपरा पावसाळ्यापुरता राखावा. त्याच्या कडेने हातभर रुंदीचा पट्टा कापलेला ठेवावा, मधून एक स्वच्छ वाट काढावी, बसण्यास बाक ठेवावा, आणि तेथे काय उगवले आहे त्याची मराठी नावे मोठ्या अक्षरांत लिहावीत. थंडीत गवत वाळले की ते लगेच कापू नये. बी जमिनीत पडू द्यावे आणि फलकावर तसे लिहावे, म्हणजे तक्रार करण्यास आलेला मनुष्य ते वाचून थबकेल. जवळच्या शाळेतील मुलांनी त्या कोपऱ्याची वही ठेवावी. या सर्वांआधी मात्र एक काम केले पाहिजे. कोणते रोप तण आणि कोणते रानफूल, हे दोन पानांवर असतानाच ओळखण्याचे शिक्षण माळ्यास दिले पाहिजे. कारण लोकांच्या नजरेस पडण्यापूर्वी ते रोप त्याच्या खुरप्याखालून जाणार आहे.